नवा टेम्पो की जुना? छोट्या धंद्यासाठी गाडी घेताना कागलकरांनी करायचा हिशेब

कागल हे हायवेवरचं गाव. एका बाजूला वीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढ्याच अंतरावर निपाणी. मध्ये गोकुळ शिरगावची एमआयडीसी, इकडे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. आपल्या समाजातली बरीच घरं या पट्ट्यात छोट्या धंद्यावर जगतात. कुणाचा फळांचा व्यवसाय, कुणाचं चिकन सेंटर, कुणाचा गादी कारखाना, कुणाचं फॅब्रिकेशनचं शेड, कुणाची बेकरी, तर कुणाचा मंडपाचा धंदा. धंदा जरा वाढला की एक दिवस घरात विषय निघतोच: "रोज भाड्याच्या टेम्पोला पैसे घालण्यापेक्षा आपलीच गाडी घेऊया की."

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. पुढचा प्रश्न आला की घरात दोन गट पडतात. मुलगा म्हणतो, शोरूमची नवी घेऊ, हप्ते फेडू. वडील म्हणतात, रोख देऊन जुनी घेऊ, कर्ज नको. दोघांचंही काही अंशी बरोबर असतं. गाडी हा छोट्या धंदेवाल्याचा घर किंवा दुकानानंतरचा सगळ्यात मोठा खर्च असतो. तो चुकला तर नुसती गाडी जात नाही, दुकानाचं भांडवलही जातं. म्हणून हा निर्णय कसा घ्यावा, काय तपासावं आणि कागदं कोणती बघावीत, ते आम्ही इथे एका ठिकाणी मांडत आहोत.

आधी ठरवा: गाडी हवी कशाला?

नवी की जुनी, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की महिन्यातून किती दिवस, दिवसाला किती किलोमीटर आणि किती वजन. एक महिना वहीत लिहून काढा. भाड्याची गाडी कधी बोलावली, कुठे गेली, किती माल होता, किती पैसे दिले. अंदाज नेहमी फुगलेला असतो; वही खोटं बोलत नाही.

वजनाचंही तसंच. २००५ साली टाटाने एस ही गाडी आणली आणि तिला गावोगावी 'छोटा हत्ती' हे नाव पडलं. या वर्गातल्या गाडीची क्षमता साधारण पाऊण टन. म्हणजे २५ किलोचे ३० क्रेट. तुमचा रोजचा माल तेवढाच असेल तर त्याहून मोठी गाडी घेऊन डिझेल जाळण्यात अर्थ नाही. पण फॅब्रिकेशनचे अँगल, ग्रिल, शटर न्यायचे असतील तर वजनाइतकीच हौद्याची लांबी महत्त्वाची. तिथे अशोक लेलँड दोस्त किंवा बोलेरो पिकअपसारखी गाडी बघावी लागते. छोट्या गाडीत दीड टन भरायचं आणि पाटे मोडले म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

गाद्यांचा माल हलका पण आकाराने मोठा. बेकरीच्या मालाला धूळ-पाऊस चालत नाही, तिथे बंद बॉडी हवी. चिकनवाल्याला रोज हौदा धुवावा लागतो, त्यामुळे पत्रा लवकर गंजतो. म्हणजे एकाच कागलमध्ये चार धंद्यांना चार वेगळ्या गाड्या लागतात. शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच घेऊ नका.

पांढऱ्या नंबर प्लेटचा मोह

ओम्नी किंवा इको घेऊ, मागच्या सीटा काढू, माल भरू, असा विचार बरेच जण करतात. खासगी नोंदणीच्या, म्हणजे पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून धंद्याचा माल वाहणं नियमात बसत नाही. तपासणीत दंड होतो हा एक भाग. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढून क्लेम अडवते. व्हॅनच घ्यायची असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली, पिवळ्या प्लेटची कार्गो व्हॅन घ्या. ओम्नीचं उत्पादन २०१९ साली बंद झालं, हेही जुनी ओम्नी बघताना ध्यानात ठेवा.

हिशेब मांडून बघू

आता खरा मुद्दा. आम्ही एक उदाहरण घेतो. यातले आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे, तुमच्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला. पद्धत तीच राहील.

समजा कागलचा एक फळ व्यापारी आहे. रोज पहाटे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात जाऊन माल आणतो आणि दिवसभर सिद्धनेर्ली, मुरगूडच्या बाजूला दुकानांना पोचवतो. रोज सरासरी ६० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस. वर्षाला १८,७२० किलोमीटर झाले. पाच वर्षांत ९३,६०० किलोमीटर. गाडी तो स्वतः चालवतो, म्हणून ड्रायव्हरचा पगार धरलेला नाही. डिझेल ९० रुपये लिटर धरू.

नवी गाडी: रस्त्यावर येईपर्यंत ६ लाख रुपये. त्यातले १ लाख २० हजार रोख भरले, ४ लाख ८० हजार कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता सुमारे १०,२०० रुपये. पाच वर्षांत एकूण हप्ते ६ लाख १२ हजार, म्हणजे व्याजच १ लाख ३२ हजार. पाच वर्षांनी गाडी अडीच लाखाला विकली जाईल असं धरू.

- गाडीची झीज: ३,५०,०००
- व्याज: १,३२,०००
- देखभाल (वर्षाला २५ हजार): १,२५,०००
- विमा (वर्षाला ३० हजार): १,५०,०००
- डिझेल (लिटरला १८ किलोमीटर): ४,६८,०००
- गाडी बंद पडल्यावर भाड्याची गाडी (वर्षाला ३ दिवस, दिवसाला १,५०० रुपये): २२,५००
- एकूण: १२,४७,५००

जुनी गाडी: सहा वर्षं वापरलेली, २ लाख ८० हजार रोख. घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शनचं काम ४० हजार. पाच वर्षांनी १ लाख १० हजाराला जाईल असं धरू.

- गाडीची झीज: २,१०,०००
- व्याज: काही नाही
- देखभाल (वर्षाला ६० हजार): ३,००,०००
- विमा (वर्षाला २२ हजार): १,१०,०००
- डिझेल (लिटरला १५ किलोमीटर): ५,६१,६००
- बंद पडल्यावर भाड्याची गाडी (वर्षाला १५ दिवस): १,१२,५००
- एकूण: १२,९४,१००

बघा, निम्म्या किमतीची जुनी गाडी पाच वर्षांत नव्यापेक्षा ४६,६०० रुपयांनी महाग पडली. नव्याला किलोमीटरमागे साधारण १३ रुपये ३३ पैसे, जुन्याला १३ रुपये ८३ पैसे. स्वस्त गाडी आणि स्वस्त वाहतूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण थांबा. हाच हिशेब गादी कारखानदाराला लावू. त्याची गाडी रोज ३० किलोमीटरच फिरते. डिझेल निम्मं झालं. नव्याची देखभाल वर्षाला १७ हजार, जुन्याची ३६ हजार धरली. बंद दिवस नव्याचे २, जुन्याचे ८ धरले. बाकी तसंच ठेवलं. आता नवी गाडी पाच वर्षांत ९ लाख ६६ हजाराला पडते आणि जुनी ८ लाख ४० हजार ८०० रुपयांना. इथे जुनी सव्वा लाखाने स्वस्त.

आणि तिसरा माणूस, मंडपवाला किंवा फर्निचरवाला, ज्याला महिन्यातून सहाच दिवस गाडी लागते? सहा दिवसांचं भाडं १,५०० रुपयांनी महिन्याला ९ हजार, पाच वर्षांत ५ लाख ४० हजार. त्यात डिझेल आणि ड्रायव्हर दोन्ही आले. त्याने सध्या गाडीच घेऊ नये. भाड्याची बरी.

थोडक्यात: गाडी रोज लांब फिरत असेल तर नव्याकडे झुका, रोज थोडीच फिरत असेल तर चांगली जुनी घ्या, आणि महिन्यातून पाच-सहा दिवसांचंच काम असेल तर भाडं द्या. मधल्या लोकांनी वहीतले आकडे घालून बघावं.

हिशेबात न दिसणारी गोष्ट: हप्ता

वरच्या उदाहरणात नवी गाडी थोडी स्वस्त दिसते. पण महिन्याच्या पाच तारखेला १०,२०० रुपये द्यायचेच असतात. पावसाळ्यात धंदा थंड, घरात कुणी आजारी, एखादा मोठा गिऱ्हाईक पैसे अडकवून बसला, तरी हप्ता थांबत नाही. दोन-तीन हप्ते चुकले की गाडी ओढून न्यायची भाषा सुरू होते. जुन्या गाडीचा खर्च अवचित येतो खरा, पण गॅरेजवाला ओळखीचा असतो, चार दिवस थांबतो. वित्त कंपनी थांबत नाही.

म्हणून आम्ही एक साधा नियम सुचवतो. गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट महिना काढा. त्या महिन्यात घरखर्च भागवून हप्ता भरता आला असता का? उत्तर 'नाही' असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, मग कागदावर कितीही स्वस्त दिसू दे. आणि दुकानाचं सगळं भांडवल डाउन पेमेंटमध्ये घालू नका. गाडी दारात उभी आणि तिच्यात भरायला माल नाही, ही अवस्था आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे.

व्याजाचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न हिशेबाच्या आधी येतो, आणि तो यायलाच हवा. इस्लाममध्ये व्याजाला मनाई आहे. त्यामुळे 'नवी हप्त्यावर की जुनी रोख' हा निवाडा अनेकांसाठी तिथेच होतो. तरीही रोख जुनी गाडी हा एकच मार्ग आहे असं नाही.

भाऊ-भाऊ किंवा दोन दुकानदार मिळून भागीदारीत गाडी घेता येते. एकाला पहाटे लागते, दुसऱ्याला दुपारी, असं जमत असेल तर उत्तम. मात्र कुणाचे किती पैसे, दुरुस्ती कोण करणार, वेगळं व्हायचं झालं तर गाडीची किंमत कशी धरायची, हे आधी लिहून ठेवा. नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेता येतं. आपल्या भागात भिशीची पद्धत जुनी आहे. ज्या भिशीत बोली लावून रक्कम कापली जात नाही, सगळ्यांना पाळीपाळीने पूर्ण रक्कम मिळते, तिचा उपयोग होऊ शकतो. विकणारा मुदतीवर द्यायला तयार असेल तर सुरुवातीलाच एकच किंमत ठरवून ती ठरावीक हप्त्यांत देण्याचा करार होतो. मात्र उशीर झाला म्हणून रक्कम वाढणार नाही, हे त्यात स्पष्ट हवं.

उधारीचा व्यवहार लिहून काढावा आणि साक्षीदार ठेवावेत, हा आदेश सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आला आहे. "घरातलाच माणूस आहे, कशाला लिहायचं" म्हणून कागद टाळणारे नंतर तोंड बघेनासे होतात. लिहिणं हा अविश्वास नव्हे. आपल्या विशिष्ट व्यवहाराबद्दल शंका असेल तर जाणकार आलिमांना सगळी माहिती देऊन विचारा.

जे बँकेकडे जाणारच आहेत त्यांच्या माहितीसाठी: मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली आणि छोट्या मालवाहू गाडीसाठी तिच्यातून कर्ज मिळतं. १० लाखांपर्यंत तारण द्यावं लागत नाही. खासगी वित्त कंपनीच्या दारात जाण्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत विचारून या. दरात मोठा फरक असतो. आणि 'फ्लॅट रेट' सांगितला तर फसू नका. फ्लॅट ८ टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे १४ टक्क्यांच्या घरात जातं. हप्ता गुणिले महिने, वजा मूळ रक्कम, एवढं केलं की खरं व्याज समोर येतं.

नवी घेताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. याचे दोन परिणाम. नवी गाडी पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. आणि जुनी विकणारा "मी एवढ्याला घेतली होती" म्हणतो, तेव्हा त्याची किंमत आजच्या नव्या किमतीशी ताडून बघा, त्याच्या जुन्या बिलाशी नव्हे.

तुमच्याकडे नियमित जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. प्रवासी मोटारीला ते मिळत नाही, मालवाहू गाडीला मिळतं. ६ लाखांच्या आसपासच्या गाडीत ही रक्कम लहान नाही. कंपोझिशनवाल्यांना मात्र क्रेडिट नाही. आणि जुनी गाडी एखाद्या साध्या माणसाकडून घेतली तर त्यावर जीएसटीच नसतो, त्यामुळे क्रेडिटही नाही. कोटेशन घ्यायला जाण्याआधी आपल्या कर सल्लागाराला एकदा विचारा.

शोरूममध्ये फक्त हप्ता विचारू नका. गाडीची किंमत, नोंदणी कर, विमा, बॉडीचं काम, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असं बंधन नाही. बाहेरून दोन दर आणा. ताबा घेताना चेसिस नंबर आणि गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघा. वर्षभर यार्डात उभी राहिलेली गाडी नवी म्हणून घ्यायची असेल तर दरात फरक मागा.

इंधनाचंही बघा. सीएनजी किलोमीटरमागे स्वस्त पडते, पण पंपावरच्या रांगेतला वेळ आणि टाकीने खाल्लेली जागा हिशेबात धरा. इलेक्ट्रिक मालवाहू गाड्याही आल्या आहेत. टाटा एसचं इलेक्ट्रिक रूप २०२२ साली बाजारात आलं. रोज ठरलेला मार्ग, रात्री घरी चार्जिंगची सोय आणि पहाटे निघणं, अशा धंद्याला ती बसू शकते. पण आठवड्यातून एकदा अचानक सांगली, बेळगावला जावं लागत असेल तर नीट विचार करा.

जुनी घेताना: गाडी कशी बघायची

आपल्या भरवशाचा मिस्त्री बरोबर न्या, विकणाऱ्याचा नव्हे. त्याचे पाचशे-हजार रुपये द्या. ते पन्नास हजार वाचवतात. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघायला जा आणि आधी सुरू करून ठेवू नका असं सांगा.

सुरू झाल्यावर धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी इंजिनात शिरत असण्याची शक्यता. ऑईलचं झाकण काढून बघा, आतून जोराने वाफारा येत असेल तर इंजिनचं काम जवळ आलंय. मग हौद्यात थोडं वजन टाकून चढावर न्या. रिकामी गाडी सगळीच चांगली पळते.

खाली वाकून चेसिसला कुठे वेल्डिंग केलंय का बघा. ओव्हरलोड चाललेल्या गाडीचा सगळा इतिहास तिथे लिहिलेला असतो. टायर एका बाजूनेच झिजले असतील तर पुढची बाजू वाकलेली असू शकते. हौद्याची फळी किंवा रबर शीट उचलून पत्रा बघा.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे: पुराचं पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर, शिरोळ भागात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलं आहे. अशी गाडी धुऊन-पुसून, रंग मारून विकली जाते आणि वर्षभराने वायरिंग एकेक करून जातं. सीटखालचे नट-बोल्ट गंजलेत का, डॅशबोर्डच्या मागे आणि फ्यूज बॉक्सात गाळाचा थर आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का, हे बघा. त्या महिन्यात विम्याचा मोठा क्लेम झाला होता का, तेही विचारा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्याआधीच्या बीएस-४ डिझेल गाड्यांचं इंजिन साधं, गावातला मिस्त्रीही उघडू शकतो. बीएस-६ मध्ये सेन्सर जास्त, बिघाड शोधायला मशीन लागतं. जुनी बीएस-६ घेताना तुमच्या गॅरेजवाल्याला ती जमते का, हे आधी विचारून घ्या.

कागदं: इथेच माणूस फसतो

आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी सीमेपलीकडून एक टेम्पो घेतला. गाडी चांगली, किंमत कमी. आरसीवर बँकेचा बोजा होता. विकणारा म्हणाला, "कर्ज फिटलंय, दाखला महिन्यात देतो." पैसे दिले, गाडी आणली. कर्ज फिटलेलं नव्हतं. बोजा उतरेपर्यंत गाडी नावावर होईना, नावावर नाही म्हणून विम्यात नाव येईना. शेवटी उरलेले हप्ते आमच्याच माणसाने भरले. स्वस्तातली गाडी नव्याच्या किमतीत गेली. म्हणून पुढची यादी कापून ठेवा.

- आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा.
- एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी आणि बोजा बघा. ई-चलनांचा दंड शिल्लक आहे का तेही तपासा.
- बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. एजंट याला टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका, घेऊही नका.
- गाडी दुसऱ्या राज्यातली, म्हणजे केए-२२ किंवा केए-२३ असेल, तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, फॉर्म २८, हवं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवा नंबर घ्यावाच लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. निपाणीला स्वस्त दिसणारी गाडी हा कर धरून स्वस्त राहते का, ते बघा.
- फिटनेस, ज्याला आपण पासिंग म्हणतो: नव्या मालवाहू गाडीला पहिल्यांदा दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंग संपलेली गाडी कायद्याने नोंदणीकृत धरली जात नाही.
- महाराष्ट्रात आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो. तो भरल्याची पावती मागा.
- १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का बघा.

परमिटबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ज्या मालवाहू गाडीचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत आहे, तिला परमिट लागत नाही. हा आकडा आरसीवर असतो. छोटा हत्ती यात बसतो. मोठ्या पिकअपचं मात्र आरसी बघूनच ठरवा. लायसन्सचंही तसंच: हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपेक्षा कमी वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला आहे.

विम्यात थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही.

पैसे बँकेतूनच द्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढाच दंड आहे. आणि धंद्याच्या वहीत गाडीची घट दाखवायची असेल तर रोख दिलेले पैसे किमतीत धरले जात नाहीत.

जुनी विकणाऱ्यांसाठी दोन शब्द

तुम्ही नवी घेऊन जुनी विकत असाल, तर नाव बदलून दिल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. गाडी चार हात फिरली आणि पाचव्याने अपघात केला तरी भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

आणि गाडीतला दोष लपवू नका. इंजिनचं काम झालंय, पुरात भिजली होती, अपघात झाला होता, जे असेल ते सांगून विका. ऐब लपवून केलेल्या विक्रीत बरकत नसते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाच-दहा हजार कमी येतील. पण घेणारा त्या गाडीवर आपलं घर चालवणार असतो.

शेवटी

वही काढा, एक महिना लिहा. सगळ्यात वाईट महिन्यात झेपेल तेवढाच बोजा उचला. जुनी घ्यायची तर मिस्त्री आणि कागदं आधी, पैसे नंतर. नवी घ्यायची तर बॅटरी-टायरचे आणि दोन-तीन महिन्यांच्या हप्त्याचे पैसे बाजूला ठेवूनच घ्या. आणि घरात दोन गट पडले असतील तर दोघांनी मिळून वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडा. बहुतेक वेळा कागदावर आकडे आले की वाद आपोआप मिटतो. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या रोजीत बरकत देवो.